हेड किती कापावे?

मोटारसायकलच्या कोणत्याही गॅरेजात घटकाभर बसून पाहा. तासाभरात एक तरी असा तरुण येतो, की ज्याची गाडी अगदी विनातक्रार चालत असते. पण त्याला ती आणखी पळायला हवी असते. मग तिथे चहा पीत बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास सल्ला देतो, “हेड काप की! कंप्रेशन वाढलं, म्हणजे गाडी उडते बघ.” गंमत अशी, की हा सल्ला मुळीच खोटा नाही. कंप्रेशन वाढले, की इंजिनाचा जोर खरोखरच वाढतो, आणि बेताने चालवली तर तीच गाडी थोड्या कमी पेट्रोलमध्येही चालते. फसगत होते ती पुढे. आधी कंप्रेशन किती होते, कापल्यावर किती होणार आणि पंपावर मिळणारे पेट्रोल ते सोसणार का, हे तीन प्रश्न विचारायची कोणाला आठवण राहत नाही. त्या तीन प्रश्नांची उत्तरे न घेता कापलेली हेडे, फुटलेले पिस्टन आणि ओरबाडलेले बोअर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी इतके पाहिले आहेत, की यंदाच्या दिवाळी अंकात या विषयावर चार शब्द लिहावे असे मनात आले. आयुष्याची बरीच वर्षे इंजिने उघडण्यात गेलेल्या माणसाजवळ दुसरे सांगण्यासारखे असणार तरी काय!

साधा हिशेब

कंप्रेशन रेशो हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. पिस्टन तळाला असताना त्याच्या डोक्यावर जेवढी जागा असते, तिला पिस्टन माथ्याला पोचल्यावर उरलेल्या जागेने भागायचे. येईल तो आकडा म्हणजे कंप्रेशनचे प्रमाण. आपल्या सर्वांच्या ओळखीची जुनी ३५० सीसी बुलेट घ्या. तिचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन खालून वर येताना ३४६ घनसेंटिमीटर जागा झाडून घेतो. समजा, माथ्यावर ६३ घनसेंटिमीटर जागा उरली. तर ३४६ अधिक ६३ भागिले ६३, म्हणजे प्रमाण झाले साडेसहा. हेच प्रमाण आठ करायचे, तर वरची जागा ६३ वरून साडेएकोणपन्नासावर आणली पाहिजे. अवघ्या साडेतेरा घनसेंटिमीटरांचा, म्हणजे तीन लहान चमच्यांहून कमी जागेचा हा मामला आहे!

एवढ्याशा जागेने इतका फरक का पडावा? पेट्रोल जळून तयार झालेला तापलेला वायू पिस्टनला ढकलत पसरतो. तो जितका अधिक पट पसरेल, तितकी त्याच्यातली उष्णता चाकाच्या कामी येते आणि सायलेन्सरमधून वाया जाणारी तितकी कमी होते. कागदावरचे सूत्र सांगते, की साडेसहा प्रमाणाच्या इंजिनात उष्णतेचा जास्तीत जास्त ५३ टक्के भाग कामी येऊ शकेल; आठ प्रमाणाला साडेछप्पन्न टक्के, दहाला ६०, बाराला ६३ आणि चौदाला ६५ टक्के. प्रत्यक्षातले इंजिन याच्या निम्म्याच्या आसपासच मिळवते. पण वाढीची चाल हीच राहते. आता हे आकडे पुन्हा एकदा पाहा. साडेसहावरून आठावर गेलात, तर जोरात सुमारे सात टक्क्यांची भर पडते. बारावरून चौदावर गेलात, तर जेमतेम साडेतीन टक्क्यांची. गरिबाच्या हातावर पडलेला रुपया श्रीमंताच्या तिजोरीतल्या रुपयापेक्षा मोठा असतो, तसाच हा प्रकार. जुन्या, कमी कंप्रेशनच्या इंजिनाला थोडीशी वाढ फार मानवते. वरच्या पायऱ्यांवर धोका वाढत जातो आणि कमाई घटत जाते.

इथे शेतकरी वाचक विचारतील, की आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे कंप्रेशन तर सोळा-सतरा असते. मग पेट्रोलच्या इंजिनानेच काय घोडे मारले आहे? उत्तर सोपे आहे. डिझेल इंजिन नुसती हवा दाबते आणि ती दाबून तापल्यावर मग तीत डिझेल फवारते. आपले साधे पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोल आधी एकत्र करते आणि ते मिश्रण दाबते. दाबलेली वस्तू तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पेट्रोलमिश्रित हवा अशी बेसुमार तापली, तर ती ठिणगीची वाट पाहत बसत नाही. खरी कटकट तिथूनच सुरू होते.

फुलबाजी आणि सुतळी बॉम्ब

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा उदाहरण दिवाळीचेच देतो. फुलबाजी एका टोकाला पेटते आणि शांतपणे दुसऱ्या टोकापर्यंत जळत जाते. निरोगी इंजिनात असेच घडते. प्लगची ठिणगी पडते, तिथून ज्वाला निघते आणि मिश्रण जाळीत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचते. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. अशा दोन-तीन मिलिसेकंदांत हे सारे आटोपते, तरी ते जळणेच असते, स्फोट नव्हे.

परंतु ज्वाला पुढे सरकत असताना मागचा जळलेला वायू फुगतो आणि पुढचे न जळलेले मिश्रण कोपऱ्यात रेटतो. प्लगपासून सर्वांत दूर असलेला तो शेवटचा घास आधीच दाबला गेलेला असतो. तो आणखी दाबला जातो, आणखी तापतो. ज्वाला तिथे वेळेत पोचली, तर सर्व ठीक. तिला उशीर झाला, तर तो कोपरा सगळाच्या सगळा एकदम आपोआप पेट घेतो, म्हणजे फुलबाजीच्या शेवटी सुतळी बॉम्ब बांधावा तसे होते. वायूत दाबाची लाट उठते आणि सेकंदाला सहा ते आठ हजार वेळा भिंतींवर आपटत राहते. चढावर टॉप गियरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर टिचक्या मारल्यासारखा किंवा डब्यात खडे हलवल्यासारखा जो आवाज येतो, तो हाच. गॅरेजात याला नॉकिंग म्हणतात.

कित्येकांना वाटते, आवाज येतो आहे तर येऊ दे, गाडी तर पळते आहे. पण जळता वायू दोन हजार अंशांच्या वर तापलेला असतो आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन सहाशे अंशांच्या आसपास वितळतो. तरीही पिस्टन टिकतो, याचे कारण धातूला चिकटून असलेला वायूचा एक पातळ, त्यामानाने थंड थर. नॉकिंगची लाट नेमका हाच थर खरवडून काढते. मग पिस्टनच्या कडा कुरतडल्या जातात, दोन रिंगांमधली भिंत तुटते, हेडचे गॅस्केट उडते. क्वचित झालेली टिकटिक इंजिन सोसते. रोजची टिकटिक सोसत नाही.

रिकार्डोसाहेबांचा शोध

हे सर्व आज आपण सहज सांगतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही ठोकठोक कशाची, हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटत असावे, अशी पुष्कळांची समजूत होती. ती दूर करणाऱ्यांत इंग्लंडचे हॅरी रिकार्डो हे नाव मोठे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी इंजिन बनवणारे हे गृहस्थ. त्यांनी १९१९ साली एक अजब प्रयोगयंत्र तयार केले. त्याचे कंप्रेशन इंजिन चालू असतानाच कमीजास्त करता येई. एकेक पेट्रोल त्यात घालायचे, ठोका ऐकू येईपर्यंत कंप्रेशन वाढवीत न्यायचे आणि तो आकडा टिपून ठेवायचा. ठोका ठिणगीच्या आधी पडत नाही, तो नंतर, शेवटच्या कोपऱ्यात पडतो, आणि इंजिनाचा जोर किती वाढवता येईल हे पेट्रोलचा गुणच ठरवतो, ही गोष्ट अशा प्रयोगांनी पक्की झाली.

रिकार्डोंनी उपायही दाखवला. त्यांनी हेडचा आकार असा केला, की पिस्टन माथ्याला आला म्हणजे एका बाजूला हेडला जवळजवळ टेकतो. तिथले मिश्रण चिमटीतून निसटावे तसे जोराने प्लगकडे फेकले जाते. मिश्रण घुसळले गेले, की ज्वाला वेगाने धावते. शिवाय दूरच्या कोपऱ्यात घासच शिल्लक राहत नाही. जे काही राहते, ते दोन थंड भिंतींमध्ये चेपलेले असल्याने तापत नाही. पेट्रोल तेच, परंतु केवळ आकार बदलल्याने अधिक कंप्रेशन सोसणारे! माझ्या मते या विषयातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच, की पेट्रोल बदलण्याआधी इंजिनाचा आकार सुधारता येतो.

शिशाची पळवाट

पण जगाने दुसरी वाट धरली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा संशोधक, पेट्रोलमध्ये काय मिसळले असता ठोका थांबतो, याचा शोध घेत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला टेट्राएथिल लेड हा शिशाचा द्रव सापडला. गॅलनभर पेट्रोलला लहान चमचाभराहूनही कमी पुरे! फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन शहरात तसले पेट्रोल पंपावर विकायला आले. अल्कोहोलनेही ठोका थांबतो, हे मिजलीला चांगले ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळावे आणि विकावे. शिशाच्या द्रवावर मात्र पेटंट घेता येत होते.

त्याची किंमत लगेच दिसू लागली. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हा द्रव बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तेव्हा मिजलीने वार्ताहरांसमोर तो द्रव आपल्या हातांवर ओतून घेतला आणि त्याचा वासही घेऊन दाखवला. वस्तुतः शिशाच्या विषबाधेमुळे तो स्वतः त्याआधी रजेवर जाऊन आलेला होता. पुढली पन्नास-साठ वर्षे जगभरच्या मोटारींनी शिसे रस्त्यावर ओकले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधते, हे शास्त्रज्ञांनी वारंवार सांगितले, तरी ते बंद व्हायला फार काळ लागला. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ साली, अल्जीरियाने ते बंद केले. कंप्रेशनचे दोन-तीन आकडे वाढवण्यासाठी मनुष्यजातीने केवढी ही उधारी केली! वाचकहो, ‘पेट्रोलात काहीतरी घाला, म्हणजे झाले’ असे कोणी सुचवले, की मला हा इतिहास आठवतो.

पंपावरचा आकडा

पेट्रोलची ही सोशिकता मोजण्याचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२६ साली ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ते सुचवले. आयसो-ऑक्टेन हा द्रव उत्तम सोसतो, त्याला १०० गुण. हेप्टेन मुळीच सोसत नाही, त्याला शून्य. मौज अशी, की शुद्ध हेप्टेन त्या काळी मिळे ते अमेरिकेतल्या एका जातीच्या पाइन वृक्षाच्या चिकापासून! एखादे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आहे याचा अर्थ एवढाच, की ९१ भाग ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांचे मिश्रण जिथे ठोकायला लागते, तिथेच ते ठोकायला लागते. आजही ही परीक्षा रिकार्डोंच्या यंत्रासारख्याच, कंप्रेशन बदलता येणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनावर घेतात.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. आपल्याकडे इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले. ज्या गाडीला साध्या पेट्रोलवर ठोका येतच नाही, तिच्यात ते ओतल्याने खिसा हलका होईल. गाडी हलकी होणार नाही. दुसरी गोष्ट, अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला आकडा वेगळ्या रीतीने काढतात. तिकडचे ८७ आणि आपले ९१ ही ढोबळमानाने एकच. तिकडच्या मासिकात ‘अमुक कंप्रेशन ८७ वर चालते’ असे वाचून घाबरू नये आणि ‘९१ वर चालते’ असे वाचून भुलूही नये.

एक बुलेट उद्यमनगरात येते

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षक आपली बुलेट टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आले. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील नुकतेच वारलेले. मुलाने हौसेने एका गॅरेजात तिचे ‘कंप्रेशन वाढवून’ घेतले होते. पावसाळ्यात गाडी झकास पळाली. मार्चचे ऊन सुरू झाले, तशी चढावर टिकटिक करू लागली. आणि एके दिवशी सायलेन्सरमधून पांढरा धूर ओकून रस्त्यातच थांबली. आईने ‘विकून टाक ती’ म्हणून धोशा लावला होता. ते मला म्हणाले, “काका, दोन महिन्यांचा पगार घातलाय हो तिच्यात. पण पैशाचं राहू दे. बाबांची गाडी माझ्या हातनं मेली, असं व्हायला नको.”

हेड उतरवले. दोन रिंगांमधली भिंत तुटून तिचे तुकडे बोअर ओरबाडून गेले होते. आमच्या मिस्त्रींनी पिस्टन हातात घेऊन म्हटले, “साहेब, हेड कापलंय ते कापलंय, आणि वर उंच डोक्याचा पिस्टनबी घातलाय बघा. एका जेवणात दोनदा मीठ!” आम्ही हेडमध्ये डॉक्टरी पिचकारीने मोजून रॉकेल भरले आणि पिस्टनच्या डोक्याने अडवलेली जागा त्यातून वजा केली. माथ्यावरची जागा भरली फक्त ४१ घनसेंटिमीटर. हिशेब केला, तर प्रमाण जवळजवळ साडेनऊ! ॲल्युमिनियमचे हेड, बिडाचा ब्लॉक, वाऱ्यावर थंड होणारे इंजिन आणि पंपावरचे साधे पेट्रोल. यांनी साडेनऊ सोसावे अशी अपेक्षा करणे म्हणजे म्हाताऱ्या पैलवानाला भर उन्हात खासबागेच्या मैदानात उतरवणे होय. पुन्हा उंच डोक्याचा तो पिस्टन घुमटाकार हेडच्या मधोमध डोंगरासारखा उभा. ज्वालेला त्याला वळसा घालून पलीकडे जावे लागे. म्हणजे कंप्रेशन वाढवताना ज्वालेची वाटही लांबवून ठेवलेली!

मी त्यांना सांगितले, आपण आठावर थांबू. बोअर अर्ध्या मिलिमीटरने मोठा करावा लागला. त्यामुळे झाडलेली जागा झाली ३५१ घनसेंटिमीटर. पिस्टन मूळ सपाट जातीचाच, मोठ्या मापाचा घेतला. जुळवून मोजले, तर वरची जागा ५४, म्हणजे प्रमाण साडेसात. मग ब्लॉक पायाकडून एक मिलिमीटर लेथवर उतरवला. या बोअरला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार घनसेंटिमीटर. जागा ५० वर आली आणि प्रमाण आठ झाले. पुशरॉड त्या मानाने जुळवून घेतले. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापून इंजिन हाताने दोनदा फिरवले, पुन्हा उघडले आणि माती ब्लेडने कापून मोजली. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात निदान दीड-दोन मिलिमीटर अंतर पाहिजे, ते होते. ही माती दहा-वीस रुपयांना मिळते; वाकलेला व्हॉल्व्ह त्याहून फार महाग पडतो.

पुढचे काम दिसायला बारीक, पण जीव तिथेच असतो. हेडमधला कार्बन काढून ते गुळगुळीत केले, कारण कार्बन निखाऱ्यासारखा तापून राहतो आणि जागाही खातो. धारदार कडा घासून गोल केल्या. एक पायरी थंड प्लग घातला. दाबलेले मिश्रण लवकर जळते, म्हणून ठिणगीचे टायमिंग किंचित मागे घेतले. कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा केला, कारण पेट्रोल कमी पडलेले मिश्रण अधिक तापते. कनेक्टिंग रॉडचा खालचा बुश वाढलेला जोर झेलणार होता. तो नवा घातला. रिंगा बसेपर्यंत गाडी सावकाश फिरवली आणि मग भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, मागे माणूस बसवून वाघबिळापासून पन्हाळ्याचा चढ मुद्दाम टॉप गियरमध्ये चढवली. परीक्षा घ्यावी तर अशी घ्यावी. सकाळच्या गारव्यात मोकळ्या सपाट रस्त्यावर तर कोणतेही इंजिन शहाण्यासारखे वागते. गाडीने हूं की चूं केले नाही. गुरुजींनी विचारले, “काका, आणखी वाढवता येईल का?” मी म्हटले, “येईल. पण मग गाडी तुम्ही चालवणार नाही. पेट्रोल पंप चालवील.”

नव्या इंजिनांचे गुपित

मग आजच्या मोटारी बारा-तेरा कंप्रेशनवर साध्या पेट्रोलने कशा चालतात? जपानच्या माझदा कंपनीने २०११ साली डेमिओ गाडीत प्रमाण थेट चौदावर नेले, आणि तेही जपानमधल्या साध्या, सुमारे ९० ऑक्टेनच्या पेट्रोलवर. त्यांची वाट रिकार्डोंचीच होती. कोपऱ्यातला तो शेवटचा घास थंड ठेवा आणि लवकर जाळा. जळून झालेला वायू सगळाच बाहेर जात नाही. थोडा मागे राहतो. २५ अंशांच्या ताज्या हवेत ७५० अंशांचा जुना वायू दहा टक्के उरला, तर ढोबळ हिशेबाने मिश्रण दाबण्याआधीच ९७ अंशांवर जाते! म्हणून तो नीट निघून जावा यासाठी माझदाने काही इंजिनांना लांब नळ्यांचा एक्झॉस्ट दिला. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले, म्हणजे त्याचे बाष्प होताना आतली हवा गार होते. पिस्टनच्या डोक्यावर वाटीसारखा खळगा ठेवला, म्हणजे कोवळी ज्वाला धातूला टेकून विझत नाही.

दुसरी युक्ती व्हॉल्व्हच्या वेळेची. आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटला, तर वर येणारा पिस्टन थोडे मिश्रण परत ढकलून देतो. दाबले जाते कमी, पसरते मात्र पूर्ण. जपानमध्ये १९९७ साली आलेल्या टोयोटाच्या प्रियस गाडीने ही युक्ती प्रसिद्ध केली. तेव्हा माहितीपत्रकात छापलेला कंप्रेशनचा आकडा आणि मिश्रणाला प्रत्यक्ष बसणारा दाब यांत अंतर असते, हे विसरू नये. त्याखेरीज नव्या इंजिनाच्या ब्लॉकवर एक कानच बसवलेला असतो. ठोक्याची चाहूल लागली, की तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी तत्क्षणी मागे सरते. जुन्या बुलेटला असला कान नाही; तिच्यासाठी चालवणाऱ्याचा कान हाच एक आधार.

उसाचे पेट्रोल

शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेले अल्कोहोल आता परत आले आहे, आणि तेही आपल्या दारातून. ऊस आणि धान्य यांपासून केलेले इथेनॉल २० टक्के मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विकले जाऊ लागले आणि २०२५ साली ते देशभर पोचले. कोल्हापूर, सांगलीकडच्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. इथेनॉलचे ऑक्टेन १०८ च्या घरात आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. म्हणजे सोशिकता आणि गारवा, दोन्ही. सरकारी खुलाशाप्रमाणे या मिश्रणाचे ऑक्टेन सुमारे ९५ भरते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच उष्णता असते. त्यामुळे कमी कंप्रेशनचे जुने इंजिन याच्यावर थोडे अधिक पितेच, आणि वाढलेल्या ऑक्टेनचा उपयोग त्याला करून घेता येत नाही. जुन्या गाड्यांतले रबराचे भाग आणि नळ्याही तपासून बदलाव्या लागतात. या पेट्रोलची चीज करायची, तर इंजिनेच अधिक कंप्रेशनची आणि त्याला जुळणारी बनवली पाहिजेत. ते काम कारखान्यांचे आहे. घरच्या कानशीचे नव्हे.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा काम काढण्याआधी आर.टी.ओ.त आणि विमा कंपनीत चौकशी करावी. आणि नवीन, संगणक असलेल्या गाडीच्या हेडला तर हातच लावू नये. तिच्यात शक्य तेवढे कारखान्याने आधीच काढून घेतलेले असते.

ज्यांच्याकडे वडिलांची, आजोबांची जुनी गाडी आहे आणि इंजिन तसेही उघडायचेच आहे, त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग बंद नाही. प्रमाण बेताने वाढवा, हेड स्वच्छ ठेवा, टायमिंग आणि जेट जुळवा आणि परीक्षा मे महिन्यातल्या दुपारच्या घाटात घ्या. मिस्त्रींनी हेड हातात घेऊन ‘किती कापू?’ असे विचारले, तर आकडा सांगण्याची घाई करू नका. ‘आधी पिचकारी आणा, आता किती आहे ते मोजू या’, असे म्हणा. जो मिस्त्री हे ऐकून हसेल, त्याच्याकडून गाडी परत घ्या. आणि जो मुकाट्याने पिचकारी आणायला उठेल, त्याला माझ्या वतीने दिवाळीचा फराळ द्या.